नाकाला झोंबणाऱ्या गोष्टी

एकादशीच्या साबुदाणा खिचडीची कुंडली मांडून बघा. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणाही तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतली. मीठ, तूप आणि जिरं सोडलं तर आपल्या या सोवळ्यातल्या पदार्थात जुनं काहीच नाही! सन १५०० च्या आधी पंढरीला गेलेल्या एकाही वारकऱ्याने ही खिचडी खाल्लेली नाही.

तीच गोष्ट ठेच्याची. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आपण ऐकत आलो. त्या मांड्यांसोबत मिरचीचा ठेचा वाढला गेला नसणार, हे मात्र छातीठोकपणे सांगता येतं. तेराव्या शतकात तिखटाचं खातं मिरी, पिंपळी आणि आल्याकडे होतं. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली आणि गोवा हे तिच्या सुरुवातीच्या मुक्कामांपैकी एक. मग ती इतक्या झटपट घराघरात कशी शिरली? मिरीच्या वेलाला पावसाळी रान लागतं, चढायला झाड लागतं आणि फळ धरायला काही वर्षं लागतात. मिरचीला परसातला एक कोपरा आणि चार महिने पुरतात. गरिबाच्या भाकरीला चव आणणारी वस्तू फुकटात दारात उगवायला लागल्यावर मिरीला कोण विचारतो?

भोपळीचा मान आणि एक अफवा

बेडगी, ज्वाला, संकेश्वरी, भजीची जाडसर भावनगरी, पिझ्झ्यावरची जालापेन्यो आणि पीठ पेरून केलेल्या भाजीतली भोपळी मिरची या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीच्या, कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. जगात लागवडीखाली आलेल्या मिरचीच्या जाती पाचच, आणि आपल्या स्वयंपाकघराचा जवळजवळ सगळा कारभार या एकीवर चालतो. भोपळीत तिखटपणा का नाही? तिखट रसायन तयार करणारं जनुक तिच्यात बिघडलेलं आहे, एवढंच. ज्याला आपण सौम्य स्वभाव म्हणतो तो मुळात एक बिघाड आहे.

भोपळीबद्दल एक संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरतो: तीन फुगवट्यांची मिरची नर, चार फुगवट्यांची मादी, आणि मादी गोड असते. साफ खोटं. मिरचीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, फळाला लिंग नसतंच. पुढच्या वेळी भाजीवाल्याकडे मिरच्या उलट्या करून फुगवटे मोजणारं कोणी दिसलं तर हे जरूर सांगा. ऐकतीलच असं नाही.

हिरवी, पिवळी आणि लाल भोपळी वेगवेगळ्या भावाने विकल्या जातात. हिरवी म्हणजे बहुतेक वेळा न पिकलेली. तीच झाडावर आणखी काही आठवडे राहिली की वाणाप्रमाणे पिवळी किंवा लाल होते आणि गोडही. जास्तीचे पैसे आपण त्या आठवड्यांचे मोजतो.

पोपटाला ठसका का लागत नाही

पिंजऱ्यातल्या राघूला आजी मिरची द्यायची आणि तो डोळ्यांतून टिपूस न काढता ती फस्त करायचा, हे अनेकांनी पाहिलेलं असेल. त्यात राघूचा पराक्रम काही नाही. तिखटपणा ज्या रसायनामुळे येतो त्या कॅप्सेसीनची जाणीवच पक्ष्यांना होत नाही.

मिरचीच्या झाडाने हा बेत फार हुशारीने आखलेला आहे. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान या संशोधकांनी अ‍ॅरिझोनातल्या जंगली मिरचीच्या झुडपांवर पाळत ठेवली आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. उंदरांच्या जातीचे प्राणी फळांकडे फिरकत नव्हते, पक्षी मात्र मजेत खात होते. उंदराच्या दातांखाली बी चिरडतं आणि पुन्हा रुजत नाही. पक्षी बी अख्खं गिळतो आणि दुसऱ्या झाडाखाली, सावलीत, खतासकट पेरून जातो. म्हणजे तिखटपणा ही दारावरची पाटी आहे: दात असणाऱ्यांना प्रवेश नाही.

ती पाटी वाचूनही आत शिरलेला प्राणी म्हणजे माणूस. आपल्याखेरीज मिरची आवडीने खाणारा आणखी एक सस्तन प्राणी चीनमध्ये सापडला आहे. ट्री श्रू नावाचा, खारीएवढा. त्याच्या शरीरातला तिखट ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) जरा बोथट आहे, असं २०१८ मध्ये दिसून आलं. आपला मात्र शाबूत आहे. तरी आपण खातो.

जीभ भाजत नाही, पण मेंदूला तसं वाटतं

शरीरात उष्णता ओळखणारा एक ग्राहक असतो. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तो जागा होतो आणि मेंदूला चटका बसल्याची वर्दी देतो. कॅप्सेसीन त्याच ग्राहकाला चिकटतं. तापमान वाढलेलं नसतं, तरी वर्दी जाते. मग मेंदू आग विझवायला लागतो: कपाळाला घाम, नाकाला पाणी, चेहरा लाल. कट मिसळ खाताना होणारी सगळी दैना ही अशी खोट्या वर्दीवर धावलेल्या बंबाची कामगिरी. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं (आर्डेम पाटापूशियन यांच्यासोबत). शोधाची सुरुवात मिरचीतल्या कॅप्सेसीनपासूनच झाली होती.

तिखटपणा बियांत असतो, हा समजही जाता जाता काढून टाकू. तो तयार होतो बिया ज्या पांढऱ्या शिरेला लगडलेल्या असतात त्या शिरेत. बिया तिच्या संगतीने तिखट होतात. भरल्या मिरच्या किंवा सांडगी मिरच्या घरातल्या मुलांना झेपाव्यात असं वाटत असेल तर चीर दिल्यावर शीर खरवडून काढा. नुसत्या बिया झटकून उपयोग नाही.

साखरेच्या पाण्यातलं मोजमाप

अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत काम करणाऱ्या विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखट मोजायची पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात घालायचा, चव घेणाऱ्यांना द्यायचा, आणि तिखट लागायचं थांबेपर्यंत तो पातळ करत राहायचं. जितक्या पटीने पातळ करावा लागला तितके स्कोव्हिल एकक. आता हे काम यंत्रं करतात, नाव मात्र त्यांचंच राहिलं. भोपळी शून्यावर. जालापेन्यो अडीच ते आठ हजार. हबानेरो लाखाच्या पुढे. शुद्ध कॅप्सेसीन १ कोटी ६० लाख.

आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाने २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नाव लावलं तेव्हा आकडा होता १०,०१,३०४. ते सिंहासन फार दिवस टिकलं नाही. २०२३ पासून ते पेपर एक्स या अमेरिकी मिरचीकडे आहे, सरासरी २६ लाख ९३ हजार. या शर्यतीचं मला फारसं कौतुक नाही. जी मिरची खाऊन तिचा निर्माता एड करी स्वतःच तासभर पोट धरून पडला होता, तिचं कालवण करणार कोण? भूत जोलोकियाला मात्र कामं आहेत. आसामात हत्तींना शेतापासून दूर ठेवायला तिचा लेप दोरांवर चोपडून पाहिलेला आहे आणि संरक्षण संशोधकांनी तिच्यापासून जमाव पांगवणारे धुराचे गोळेही केले आहेत. नागालँड-आसामातले लोक मात्र चिमूटभर वापरून तिच्या फळासारख्या वासाचा आनंद घेतात, आणि शहाणपणा मला त्यांचाच वाटतो.

रंगाला कोण, तिखटाला कोण

‘किती तिखट?’ हा प्रश्न मिरचीवर अन्याय करणारा आहे. मसाल्याचा व्यापार कळणारी माणसं तो विचारत नाहीत. चैत्र-वैशाखात लालबागच्या मसाला बाजारात गेलात तर दुकानदार विचारतो, रंगाला किती घालू आणि तिखटाला किती? खरी मेख तिथे आहे. चांगल्या घरगुती मसाल्यात तीन-चार मिरच्या असतात आणि प्रत्येकीला काम नेमून दिलेलं असतं.

रंगाचं खातं बेडगीकडे. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी हे तिचं गाव आणि तिथला मिरचीचा बाजार प्रसिद्ध. लांब, सुरकुतलेली, तिखटाला बेताची. तिच्यातही डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार: डब्बी आखूड आणि जाडसर, कड्डी काडीसारखी लांब. रस्श्यावर लालभडक तर्री आली पण जीभ शाबूत राहिली तर श्रेय बेडगीचं. तिचा रंग काढून कारखाने तो खाद्यपदार्थांत घालतात आणि लिपस्टिकमध्येही. ओठांना लावलेली मिरची झोंबत नाही, कारण रंगद्रव्य वेगळं आणि कॅप्सेसीन वेगळं. बाजारात ‘काश्मिरी’ म्हणून मिळणारं लाल तिखट पुष्कळदा बेडगीच्याच गोतावळ्यातलं असतं. काश्मीर इतकं पिकवत नाही.

कोल्हापूरच्या कांदा-लसूण मसाल्याचा जीव संकेश्वरीत. संकेश्वर आज बेळगाव जिल्ह्यात आहे, पण या मिरचीची मोठी उलाढाल पलीकडे गडहिंग्लजला होते. सीमावाद मिरचीला कळत नाही. जवारी संकेश्वरी लांब, बारीक, घडी घातल्यासारखी दिसते आणि तिला रंग, वास, तिखट तिन्ही असतं. उत्पन्न मात्र कमी, त्यामुळे शेतकरी संकरित वाणांकडे वळले. अस्सल जवारी मिळालीच तर भाव ऐकूनच पहिला ठसका लागतो.

निव्वळ तिखटाला लवंगी किंवा गुंटूरकडची तेजा. या मिरच्या गुळगुळीत आणि चकचकीत असतात. फक्त त्यांच्यावर मसाला केलात तर रस्सा जाळ होतो, पण चवीला पोकळ लागतो. विदर्भात भिवापूरची मिरची आहे, नागपूर जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली. खानदेशात नंदुरबारला बाजारपेठेच्या हंगामात पथाऱ्या बघायला जावं: नजर जाईल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली असते. जाताना रुमाल न्या.

गोव्याचा हिशेब निराळा. काणकोण तालुक्यातल्या खोला गावच्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या मिरचीला २०१९ मध्ये मानांकन मिळालं. पेडण्याकडची हरमलची मिरचीही त्याच मार्गाने गेली. रेशादच्या मसाल्यात मिरच्या व्हिनेगरमध्ये वाटल्या जातात आणि तो मसाला बांगड्याच्या पोटात भरला की पोर्तुगिजांना चार शिव्या कमी द्याव्यात असं वाटतं. वसई-उत्तनकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बॉटल मसाला होतो. मिरच्यांसह वीसेक जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, लांब मुसळांनी कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा. गडद काचेतून ऊन आत जात नाही आणि रंग उडत नाही. रिकाम्या बाटलीचा इतका पवित्र उपयोग दुसरा नसेल.

दृष्ट आणि दवाखाना

मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. खाट उठली नाही, ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असं म्हणायचं. गंमत म्हणजे फुफ्फुसांच्या डॉक्टरांकडेही याचीच एक आवृत्ती आहे. खोकल्याची संवेदना किती तीव्र आहे हे तपासायला रुग्णाला मोजून मापून कॅप्सेसीनचा फवारा हुंगायला देतात आणि किती मात्रेला खोकला येतो ते बघतात. मोहऱ्या तेवढ्या वगळल्या आहेत.

सांधेदुखीच्या मलमांतही मिरची असते. कॅप्सेसीन वारंवार लावलं की तिथल्या वेदनेच्या चेता थकून गप्प होतात. तिखट खायची सवय होते ती याच कारणाने. कोल्हापूरकरांची जीभ वेगळ्या मातीची नाही, ती मुरलेली आहे.

आग विझवायची तर

पाणी पिऊ नका. कॅप्सेसीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं. तेलातुपात विरघळतं, आणि दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला ग्राहकापासून सोडवून नेतं. म्हणून ठेच्याबरोबर दही, मिसळीबरोबर दही किंवा ताक. तांबड्या रस्श्याशेजारी पांढरा का ठेवतात याचा उलगडाही इथेच होतो, त्यात नारळाच्या दुधाची चरबी असते. गुळाचा खडाही थोडी दाद देतो. मिरच्या चिरून हाताची आग होत असेल तर आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण. थेट नळाखाली हात धरलात तर आग तशीच राहते. आणि चष्मा न वापरणाऱ्यांनो, कॉन्टॅक्ट लेन्स मिरच्या चिरायच्या आधी काढा.

नको असलेली भाजी आणि नोबेल

हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाच्या मागे होते. ते पुरेशा प्रमाणात आणायचं कुठून, हाच घोळ होता. एका रात्री जेवणात बायकोने ताजी पाप्रिका मिरची वाढली. त्यांना ती खायची नव्हती आणि तसं सांगायची छातीही नव्हती, म्हणून ‘ही प्रयोगशाळेत तपासून बघतो’ म्हणत ताटावरून उठले. मध्यरात्रीपर्यंत कळलं की मिरची क जीवनसत्त्वाने खच्चून भरलेली आहे. हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलेला. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. नावडती भाजी टाळायच्या बहाण्यांत याहून फळलेला बहाणा माझ्या ऐकण्यात नाही.

वजनाला वजन हिरव्या मिरचीत संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं. फक्त संत्र्याएवढी मिरची खाणारा माणूस शोधून आणावा लागेल. वाळवल्यावर तर त्यातलं बरंचसं जातं.

जगात इतरत्रही मिरचीचे लाड कमी नाहीत. मेक्सिकोत ओली आणि वाळकी मिरची या दोन वेगळ्या व्यक्ती मानतात: पोब्लानो वाळली की आंचो, पिकलेली जालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोटले. स्पेनमधल्या पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ घालून खातात, बहुतेक सौम्य निघतात आणि मधूनच एखादी पेटते. अमेरिकेतल्या एव्हरी बेटावर टबॅस्को सॉससाठी मिरच्या तोडणाऱ्यांकडे लाल रंगवलेली छोटी काठी असते. मिरची काठीच्या रंगाशी जुळली तरच तोडायची. फिलिपिन्समध्ये मिरचीचा पाला कोंबडीच्या रस्श्यात घालतात. आपल्याकडे तो बकरीही नाक मुरडून खाते.

कुंडीतला जाळ

आता हात मातीत घालू. मिरचीचं झाड आपल्याकडे हंगाम संपला की उपटतात, पण कडाक्याची थंडी न पडणाऱ्या हवेत ते काही वर्षं जगू शकतं. पुसा सदाबहार हा वाण तर दोन-तीन वर्षं फळं देण्यासाठीच ओळखला जातो. त्याच्या मिरच्या झुबक्याने येतात आणि आकाशाकडे तोंड करून उभ्या राहतात. राहुरीच्या विद्यापीठाची फुले ज्योतीही घोसाने लागते. दापोलीची कोकण कीर्ती आणि परभणीची परभणी तेजस आपापल्या हवेला सरावलेल्या. ठेच्यासाठी पुसा ज्वाला मला सर्वांत आवडते: लांब, सालीला पातळ, खलबत्त्यात पटकन शरण येणारी.

दहा-बारा लिटरची कुंडी, सहा तास ऊन, पाण्याचा निचरा, एवढ्यावर झाड खूश. बी साधारण आठ-पंधरा दिवसांत उगवतं, पण भूत जोलोकियाचं बी महिनाभर रुसून बसू शकतं, तोवर माती उकरून बघू नका. नत्राचं खत जास्त झालं तर झाड पानांनीच माजतं. उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात. त्यात तुमचा दोष नाही, दुपारची सावली करा. तोडणी मात्र सारखी करत राहा, कारण झाडाचा उद्देश बी पिकवणं हा आहे. पिकलेल्या मिरच्या अंगावर ठेवल्यात तर नवीन फुलांना ते कंजुषी करतं. तोडायच्या आधी काही दिवस पाणी थोडं ताणलं तर अनेक वाणांत तिखट वाढतं. उन्हाळ्यातली मिरची जास्त झोंबते ती त्यामुळेही.

पानं आक्रसून नावेसारखी वळली तर समजा बोकड्या आला. शेतकरी त्याला चुरडा-मुरडाही म्हणतात. त्यामागे फुलकिडे असतात, कोळी असतो, किंवा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. निंबोळी अर्क आणि चिकट सापळे लवकर लावले तर निभावतं. फुलकिड्यांना निळा सापळा, पांढऱ्या माशीला पिवळा. विषाणूने पछाडलेलं झाड मात्र उपटून टाका, बाकीची वाचतील.

आणि तो गच्चीवरचा जुना वाद: भोपळीशेजारी लवंगी लावली तर भोपळी तिखट होते का? या वर्षी नाही. फळाचा गर आईच्या पेशींचा असतो, परागकण कुणाचाही असो. पण मधमाशीने लवंगीचा पराग भोपळीवर आणला असेल तर त्या भोपळीतल्या बियांत तिखटाचं जनुक उतरलेलं असतं, आणि ते जनुक वरचढ आहे. ते बी पुढच्या वर्षी पेरलंत तर पीठ पेरलेल्या भाजीत स्फोट होईल. त्यामुळे बी राखायचं असेल तर एका फांदीवरच्या कळ्या उमलायच्या आधी त्यांना पातळ मलमलची पिशवी बांधा, रोज फांदी हलकेच झटका, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधा. दोऱ्याची मिरची पिकेपर्यंत झाडावर राहू द्या, बी तिचंच ठेवायचं. बाकीच्या सगळ्या खुशाल फोडणीला टाका.